एक संहिता, अनेक यंत्रे

दिवाळी अंकातल्या टीकालेखात एखादी गाजलेली कादंबरी, फार तर एखादा नवा काव्यसंग्रह विचारासाठी घ्यावा, असा संकेत आहे. तो मोडून मी ह्या वर्षी लिनक्स ही संगणकाची प्रणाली विचारासाठी घेतो आहे. फराळाची बशी शेजारी ठेवून अंक चाळणाऱ्या वाचकाने एवढ्यावरूनच पान उलटू नये, अशी विनंती आहे. लिनक्स हीसुद्धा माणसांनी लिहिलेलीच गोष्ट आहे. तिला मूळ लेखक आहे, हजारो सहलेखक आहेत, आवृत्त्या आहेत, पाठभेद आहेत. आणि पहिल्या घोषणेनंतर पाचच महिन्यांत तिला एक कडक टीकाकारही भेटला. शिवाय तिच्याविषयी एक मोठा दावा नेहमी केला जातो. ही संहिता कोणत्याही यंत्रावर चालते, अमुकच कंपनीचे यंत्र पाहिजे अशी तिची अट नाही, असे तिचे चाहते सांगतात. दावे तपासणे हे टीकाकाराचे काम आहे. हा दावा कितपत खरा आणि कोणासाठी खरा, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. प्रत्येक संगणकाच्या पोटात प्रोसेसर असतो, आणि त्याला ठरावीक आज्ञाच कळतात. त्या आज्ञांचा संच म्हणजे त्याची भाषा. आयबीएमने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्यात इंटेल कंपनीचा प्रोसेसर घातला, आणि पुढे त्याच्या नकला निघत गेल्या तशी इंटेलची भाषा घरोघर पोचली. पण ती एकमेव भाषा कधीच नव्हती. ॲमिगा, अटारी आणि पहिले मॅकिन्टॉश मोटोरोलाच्या भाषेत बोलत. पुढच्या मॅकिन्टॉशची भाषा पॉवरपीसी. डिजिटल कंपनीच्या अल्फाची आणखी निराळी. इंग्लंडात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ साली जन्मलेली आर्म ही भाषा तर आज आपल्या बहुतेकांच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. एका भाषेत तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेच्या प्रोसेसरपुढे ठेवणे म्हणजे मोडी न शिकलेल्या माणसापुढे मोडीतले खत ठेवण्यासारखे आहे. अक्षरे सगळी आहेत, अर्थ मात्र लागत नाही.

ह्यावर तोड म्हणजे भाषांतर. लिनक्सची मूळ संहिता बहुतांशी सी ह्या माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत असते. कंपायलर नावाचा प्रोग्रॅम तिचे हव्या त्या प्रोसेसरच्या भाषेत भाषांतर करून देतो. तत्त्वतः एवढे पुरे असावे. पण भाषांतर ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे, की मूळ लेखकाने लिहिताना कोणता वाचक डोळ्यापुढे धरला होता, ह्यावर भाषांतराचे नशीब अवलंबून असते.

लिनस टॉरव्हाल्ड्‌सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपला संकल्प जाहीर केला, तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्या डोळ्यापुढे एकच वाचक होता: त्याच्या टेबलावरचा, इंटेलचा ३८६ हा प्रोसेसर असलेला संगणक. हे दुसऱ्या यंत्रावर नेता येणार नाही, असे त्याने स्वतःच प्रांजळपणे सांगून टाकले होते. १९९२ च्या जानेवारीत आम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम ह्यांनी त्याच्यावर जाहीर टीका केली. त्यांच्या आक्षेपांपैकी एक असा, की जी प्रणाली एकाच घराण्याच्या प्रोसेसरला इतकी चिकटून बसली आहे, ती मुळातच सदोष आहे. ते घराणे लवकरच मागे पडेल, असेही त्यांनी भाकीत केले.

ह्या वादाकडे आज मागे वळून पाहताना टीकेच्या अभ्यासकाला एक गंमत दिसते. भाकीत साफ चुकले. इंटेलची भाषा पुढे कित्येक वर्षे घरच्या संगणकांवर राज्य करीत राहिली. पण आक्षेप बरोबर होता, आणि लेखकाने तो शब्दांनी नाकारला तरी कृतीने मान्य केला. ॲमिगा आणि अटारी बाळगणाऱ्या हौशी मंडळींनी स्वतःच ही संहिता मोटोरोलाच्या भाषेत नेली. १९९४ साली डिजिटल कंपनीतले जॉन हॉल ह्यांच्या खटपटीने टॉरव्हाल्ड्‌सला अल्फाचे यंत्र मिळाले, आणि मग त्याने आपली संहिता मुळापासून तपासायला घेतली. १९९५ च्या मार्चमध्ये आलेल्या १.२ ह्या आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स ह्या तीन परक्या भाषांना अधिकृत जागा मिळाली.

ही तपासणी म्हणजे नेमके काय, हे एका घरगुती उदाहरणाने सांगतो. 'पंचवीस' म्हणताना आपण आधी पाच उच्चारतो आणि मागून वीस. इंग्रजी माणूस आधी वीस म्हणतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला हे वाचकांना आठवत असेल. यंत्रांमध्येही हाच भेद आहे. मोठी संख्या स्मृतीत ठेवताना इंटेलचा प्रोसेसर तिचा लहान भाग आधी ठेवतो, मोटोरोलाचा प्रोसेसर मोठा भाग आधी ठेवतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती, सगळे जग आपल्यासारखेच मोजते असे गृहीत धरून लिहिणाऱ्याची. लिनक्समध्ये अशी गृहीते ठिकठिकाणी दडून बसली होती. प्रत्येक परक्या यंत्राने त्यांतले एकेक उघडे पाडले, आणि ती दुरुस्त होत गेली तसतशी संहिता इंटेलवरही अधिक निकोप झाली. बिगर-इंटेल यंत्रांनी लिनक्सवर केलेला हा उपकार मोठा आहे, आणि त्याची नोंद फारशी कोणी घेत नाही.

पुढची कथा तर नियतीने रचल्यासारखी आहे. ज्या ३८६ साठी लिनक्सचा जन्म झाला, त्याचा आधार २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.८ ह्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. इंटेलच्याच इटेनियम ह्या प्रोसेसरला २०२४ च्या जानेवारीत निरोप मिळाला. मोटोरोलाचे जुने ६८००० घराणे मात्र सांभाळणारी माणसे आहेत म्हणून अजून टिकून आहे. आणि २०२२ च्या जुलैअखेर ५.१९ ही आवृत्ती टॉरव्हाल्ड्‌सने प्रसिद्ध केली, ती ॲपलच्या आर्म प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवरून. इतका बदललेला लेखक साहित्यात विरळाच सापडेल.

येथवर दाव्याची बाजू भक्कम दिसते. मी राहतो त्या नालासोपाऱ्याला तिचा एक पूर्वसूरीही आहे. हे गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी येथल्या बुरुड राजाच्या कोटात स्तूप उकरून काढला. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे उजेडात आला, आणि १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. येथे लिपी ब्राह्मी आहे. वायव्येकडे शाहबाजगढीला त्याच लेखमालेची लिपी खरोष्ठी आहे. कंदाहारला १९५८ साली सापडलेल्या लेखात तर अशोकाचा उपदेश ग्रीक आणि अरमाइक भाषांत आहे, आणि तेथे 'धम्म' ह्या शब्दासाठी ग्रीकांचा स्वतःचा 'युसेबिया' हा शब्द योजला आहे. आशय एक, लिपी आणि भाषा ऐकणाऱ्याची. आणि जेथे शब्दाला शब्द पुरत नाही तेथे मुद्दाम केलेला स्थानिक बदल. लिनक्सच्या संहितेची मांडणी नेमकी अशीच आहे. बहुतेक भाग सर्वांना समान, आणि प्रत्येक प्रोसेसरपुरते काय वेगळे ते एका स्वतंत्र कप्प्यात, नावानिशी लावून ठेवलेले. घाट म्हणून पाहिला तर हा घाट मला निर्दोष वाटतो.

पण अशोकाच्या लेखांविषयी एक गोष्ट आपण विसरतो. ते उघड्यावर होते. वाटसरूने थांबून वाचावेत म्हणूनच ते खडकावर कोरले होते. तीच आज्ञा तशीच शुद्ध भाषांतरित करून, शिळा कोठारात ठेवून दाराला कुलूप लावले असते, तर भाषांतराची थोरवी कोणाच्या उपयोगी पडली असती? हा प्रश्न मला सुचला तो पुस्तके वाचून नव्हे.

आमच्या इमारतीतली एक दहावीतली मुलगी गेल्या वर्षी एक टॅब्लेट घेऊन माझ्याकडे आली. मामेभावाने वापरून दिलेला होता. "आजोबा, ह्याच्यावर लिनक्स घालून द्याल? मला प्रोग्रॅमिंग शिकायचंय," असे तिचे म्हणणे. यंत्र चांगले होते, पडदा स्वच्छ, प्रोसेसर आर्मचा. मुळात त्यात अँड्रॉइड होते, म्हणजे गाभा लिनक्सचाच! मी हसत हो म्हणालो आणि पंधरा दिवस त्याच्याशी झटलो. यंत्र सुरू होताना पहिला प्रोग्रॅम चालतो, तो कंपनीच्या सहीशिवाय दुसरे काही आत घेत नव्हता. त्या नमुन्यासाठी कंपनीने बदललेली लिनक्सची संहिता कोठेच मिळेना. ती मागणाऱ्याला देणे परवान्याने बंधनकारक आहे, असे मी कंपनीला दोनदा लिहिले. उत्तर आले नाही. कंपनीचे नाव सांगण्यात हशील नाही. ह्या बाजारात ती एकटी नाही.

मग एका कचेरीने मोडीत काढलेला, बारा वर्षांचा, इंटेलचा डेस्कटॉप हाती आला. त्यावर अर्ध्या तासात लिनक्स बसले. पण त्या अवजड पेटीला त्यांच्या वन रूम किचनमध्ये जागा कोठली? अखेर रास्पबेरी पाय नावाचा, तळहाताएवढा, आर्मचाच एक फलक आणला, आणि तो घरच्या टीव्हीला जोडून दिला. तो सुरळीत चालला.

तीन यंत्रे, आणि संहिता एकच. दोन यंत्रांची भाषाही एकच, तरी एक उघडले आणि एक उघडले नाही. अर्थात भेद भाषेचा नव्हता. तो कशाचा होता, हे पाहिल्याशिवाय लिनक्सच्या दाव्याचा निवाडा होऊ शकत नाही.

इंटेलचा प्रोसेसर काही खुला नाही. पण त्याच्याभोवती आयबीएमच्या नकला करणाऱ्या कारखान्यांची जी जत्रा भरली, तिने नाइलाजाने एक सामाईक शिस्त निर्माण केली. यंत्र कसे सुरू व्हावे, कोणते भाग जोडले आहेत हे प्रणालीला कसे कळावे, ह्याची रीत ठरून गेली. त्यामुळे कोणीही केलेली पेटी आणा, लिनक्स आत शिरून विचारपूस करू शकते. आर्मची परंपरा वेगळी. ती कंपनी आराखडा विकते. तो घेऊन जो तो आपल्या मर्जीची चिप घडवतो आणि तिच्याभोवती हवे ते भाग जोडतो. घराला पाटी नाही, खोल्यांना क्रम नाही. ह्या बजबजपुरीने कावून २०११ साली टॉरव्हाल्ड्‌सने आर्मच्या मंडळींना चांगलेच फैलावर घेतले. त्यानंतर डिव्हाइस ट्री नावाची पद्धत तेथे रूढ झाली: यंत्रात काय काय आहे ह्याची वंशावळीसारखी यादी संहितेपासून वेगळी लिहून प्रणालीच्या हाती द्यायची. उपाय चांगला आहे. पण ती यादी कोणीतरी प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे, आणि ती माहिती बहुधा कारखान्याच्या कपाटात असते.

महाराष्ट्राने ह्या बाबतीत दोन प्रयोग जवळून पाहिले आहेत. पहिला रायगड जिल्ह्यातल्या खैराटचा. 'मुलामागे एक लॅपटॉप' ही अमेरिकेत निघालेली योजना केंद्र सरकारने २००६ साली नाकारली होती. तरी २००७ साली खैराटच्या छोट्या शाळेतल्या वीस-बावीस मुलांच्या हाती तिचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. प्रोसेसर एएमडीचा, ४३३ मेगाहर्ट्‌झचा. म्हणजे कंपनी बिगर-इंटेल, भाषा मात्र इंटेलचीच. स्मृती २५६ मेगाबाइट. पडदा उन्हातही वाचता येईल असा. आत लिनक्स, आणि यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅमसुद्धा खुला. इतके करूनही बिनतारी जोडणीच्या भागातला प्रोग्रॅम बंदच राहिला, आणि त्यावरून खुल्या संहितेच्या पुरस्कर्त्यांत कडाक्याचे वाद झाले. दुसरा प्रयोग 'आकाश' टॅब्लेटचा. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आकाश-२ चे उद्घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी ह्यांच्या हस्ते झाले. सरकारला तो एक नग २,२६३ रुपयांना पडत होता. पवईच्या आयआयटीतील मंडळींनी त्या आर्म यंत्रावर अँड्रॉइडऐवजी संपूर्ण लिनक्स चालवून दाखवले. टॅब्लेट म्हणजे केवळ पाहण्याचे यंत्र नव्हे, लिहिण्याचेही होऊ शकते, हे त्यांनी सिद्ध केले. ह्या कामाचे मोल मला यंत्राच्या किमतीपेक्षा अधिक वाटते. शेकडो स्वस्त टॅब्लेट बाजारात येऊन गेले. त्यांच्यापैकी किती जणांना असे पालक मिळाले?

ॲपलची गोष्ट उलट टोकाची. २०२० च्या नोव्हेंबरपासून ती कंपनी इंटेल सोडून स्वतःच्या आर्म चिपांकडे वळली. दुसरी प्रणाली सुरू करण्याची वाट तिने ठेवली, पण यंत्राची माहिती दिली नाही. असाही लिनक्स नावाच्या गटाने एकेका भागाचे वर्तन बाहेरून निरखून त्याची संहिता लिहिली आणि २०२२ च्या मार्चमध्ये पहिली कच्ची आवृत्ती दिली. हरवलेल्या लिपीचा उलगडा करणाऱ्या पंडितांच्या तोडीचे हे काम आहे. पण त्याचे कौतुक करताना एक विषाद मनात राहतो. ज्याने ती लिपी घडवली तो शेजारच्याच खोलीत बसलेला असताना ती उलगडण्यात इतक्या बुद्धिमान माणसांची वर्षे खर्ची पडावीत काय?

आणि येथे लेखकाशी माझा मतभेद आहे. लिनक्स १९९२ पासून ज्या जीपीएल परवान्याखाली आहे, त्याची दुसरी आवृत्ती संहिता उघडी ठेवण्याची अट घालते. २००७ साली तिसरी आवृत्ती निघाली. घरगुती वापराच्या यंत्रात ही संहिता घालून विकणाऱ्याने ती बदलून पुन्हा त्याच यंत्रात घालण्याची किल्लीही ग्राहकाला द्यावी, अशी तरतूद तिच्यात आली. टॉरव्हाल्ड्‌सने ती स्वीकारली नाही. माझी सुधारलेली संहिता मला परत मिळाली की पुरे. यंत्र कसे बनवावे हे सांगणे माझे काम नव्हे, अशी त्याची भूमिका. ती सुसंगत आहे. ह्या सौम्यपणामुळेच कारखानदारांनी लिनक्स बेधडक उचलले आणि ते जगभर पसरले, हेही मी नाकारीत नाही. परंतु लेखकाला संहिता परत मिळाली, कारखान्याला प्रणाली फुकट मिळाली, आणि ज्या मुलीने यंत्र हातात धरले तिला मात्र दार बंद मिळाले. वाचकाचा हक्क वगळून झालेला हा करार मला अपुरा वाटतो.

नवी आशा म्हणून आज रिस्क-फाइव्ह ह्या भाषेकडे बोट दाखवले जाते. ती २०१० साली बर्कलेला सुरू झाली, कोणालाही विनामूल्य वापरता येते, आणि २०१८ च्या जानेवारीत लिनक्सने तिला आपल्यात घेतले. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे आपल्याकडचे प्रोसेसर ह्याच भाषेचे आहेत. मलाही त्यांचा अभिमान वाटतो. पण भाषा सर्वांची असली म्हणून तीत लिहिलेले प्रत्येक पत्र सर्वांना वाचू दिले जाते असे नाही. खुल्या भाषेच्या चिपेलाही बंद दार लावता येते. आपल्या देशी यंत्रांनी तरी ते लावू नये, एवढे आत्ताच मागून ठेवले पाहिजे.

तेव्हा निवाडा असा. लिनक्स कोणत्याही यंत्रावर चालू शकते हा दावा संहितेच्या दृष्टीने खरा आहे, आणि भाषांतरकलेचा तो एक थोर विजय आहे. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये अंगाला अंग लावून उभ्या असलेल्या माणसांपैकी ज्याच्या हातात अँड्रॉइडचा फोन आहे तो प्रत्येकजण, नकळत, बिगर-इंटेल यंत्रावर लिनक्स चालवीत असतो. पण ते त्याच्या यंत्रावर चालते, त्याच्या इच्छेने नव्हे. संहिता त्याच्यापर्यंत पोचली. तिच्यावरचा हक्क वाटेतच उतरून गेला.

पाडव्याच्या मुहूर्तावर घरात नवे यंत्र घेणाऱ्यांनी दुकानदाराला वेग आणि स्मृती तर विचारावीच. पण सोबत हेही विचारावे, की कंपनीने ह्याला वाऱ्यावर सोडले, तर दुसरी प्रणाली घालण्याची वाट ह्यात आहे काय? दुकानदाराला बहुधा उत्तर माहीत नसेल. पुष्कळांनी विचारले, तर त्याला ते माहीत करून घ्यावे लागेल.

त्या मुलीचा फलक टीव्हीला जोडलेला आहे. संध्याकाळी सातपासून आजीच्या मालिका सुरू होतात, तोवरच तिचा अभ्यास चालतो. टॅब्लेट तिने कपाटात जपून ठेवला आहे. कधीतरी उघडेल, असे ती म्हणते. तिला 'नाही' म्हणण्याइतका मी अजून निराश झालेलो नाही.